मदत हवी आहे: मँगनीज वाढवलं की पेरोव्स्काइटचा उजेड वाढायच्या ऐवजी कमी व्हायलाय

नमस्कार मंडळी, नांदेडला पीएचडी करायलोय, मूळचा फिजिक्सवाला, केमिस्ट्री गरजेपुरती. सिझियम लेड क्लोराइड या पेरोव्स्काइटचे (एका ठराविक स्फटिकरचनेचा पदार्थ) नॅनोक्रिस्टल बनवून त्यात मँगनीज डोप करायचं, म्हणजे थोडं मिसळायचं, काम आहे. कुणी या भानगडीत हात घातला असेल तर सांगा राव.

पद्धत नेहमीचीच, हॉट इंजेक्शन. ऑक्टाडेसीनमध्ये लेड क्लोराइड अन् मँगनीज क्लोराइड, सोबत ओलेइक अ‍ॅसिड, ओलेइलअमाइन, लेड क्लोराइड लवकर विरघळत नाही म्हणून थोडं टीओपी (ट्रायऑक्टिलफॉस्फिन), मग व्हॅक्यूम, मग नायट्रोजनखाली १८५ डिग्रीला नेऊन सिझियम ओलिएट एका दमात आत अन् काही सेकंदात फ्लास्क बर्फात. ओलिएट गरमच ठेवावं लागतं, नाहीतर सिरिंजमध्येच तुपासारखं थिजतं.

डोप न करता ४०५ नॅनोमीटरच्या आसपास जांभळा उजेड येतो पण अगदीच मिणमिणता. ते माहीत होतं, कोव्हालेंको ग्रुपने २०१५ ला ब्रोमाइडवाल्यात ९० टक्क्यांपर्यंत क्वांटम यील्ड (शोषलेल्या उजेडातला किती परत बाहेर येतो ते) दाखवलं पण क्लोराइड आधीपासूनच लंगडं, क्लोरीनच्या रिकाम्या जागा फार असतात म्हणून. मँगनीज टाकलं की यूव्ही टॉर्चखाली झक्क नारंगी, ५९५ च्या आसपास रुंद पीक. होस्टने (मूळ क्रिस्टलने) शोषलेली एनर्जी मँगनीजला जाते अन् तो निवांत मिलिसेकंदांत सोडतो. इथपर्यंत पुस्तकातल्यासारखं.

आता घोळ असा की फीडमध्ये (फ्लास्कमध्ये टाकलेल्या मालात) मँगनीज लेडच्या बरोबरीने होईपर्यंत नारंगी वाढतं, त्याच्या पुढं गेलो की नारंगी-जांभळ्याचं गुणोत्तर वाढतच राहतं पण बाटली मात्र टॉर्चखाली मंद दिसायली. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायची चाचणी) पीक किंचित उजवीकडं सरकलेत, म्हणजे लेडच्या जागी लहान आयन गेलाय असं मी धरून चाललोय. अजून एक, ३०० नॅनोमीटरने एक्साइट केलं की नारंगी पीकच्या डोक्यावर बरोबर ६०० ला एक टोकदार सुई येते, ती कशाची?

गाइडचं म्हणणं मँगनीज सोड अन् निकेल घे, २०१८ ला निकेल डोप करून हाच जांभळा उजेड ९६.५ टक्के यील्डवर नेलाय. पण मला हे कोडं आधी सोडवायचंय. आयसीपीसाठी (कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मोजायची चाचणी) सॅम्पल मुंबईला आयआयटीच्या सैफमध्ये (तिथलं उपकरण केंद्र) पाठवावं लागेल, पैसे अन् वाट बघणं दोन्ही आलं, त्याआधी इथल्या इथं काय तपासू? डिपार्टमेंटला फ्लुरोमीटर आहे, इंटिग्रेटिंग स्फिअर (यील्ड थेट मोजायचा पोकळ गोळा) नाही.

प्रतिसाद १ (जालनेकर)
सुईचं आधी. ३०० चं सेकंड ऑर्डर ६०० लाच पडतं, ग्रेटिंगची (फ्लुरोमीटरमधला उजेड रंगांत फोडणारा भाग) करामत आहे, दुप्पट तरंगलांबीच्या जागीही तोच उजेड दाखवतं, मटेरियलचा काही संबंध नाही. ३६५ ने एक्साइट करा, मग ते ७३० ला जाईल, किंवा लाँगपास फिल्टर लावा. आजवरच्या सगळ्या नारंगी आकड्यांत ती सुई मोजली गेली असेल तर ते आकडे बाजूलाच ठेवा.

अन् गुणोत्तरावर जाऊ नका हो. जांभळं मेलं तरी गुणोत्तर वाढतंच! क्विनाइन सल्फेटशी (यील्ड आधीच माहीत असलेला पदार्थ) तुलना करून यील्ड काढा, अ‍ॅब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली ठेवून, करेक्टेड स्पेक्ट्रमवर. ईपीआर (सुट्या इलेक्ट्रॉनचे सिग्नल बघायची चाचणी) मिळालं तर आयसीपीच्या आधी तेच करा. आयसीपी किती मँगनीज आहे ते सांगेल, कुठं बसलाय ते नाही. सुटे सुटे आयन असतील तर सहा रेषा दिसतात, गर्दी झाली असेल तर एकच पसरट उंचवटा. गर्दीत एनर्जी एका मँगनीजवरून दुसऱ्यावर फिरत फिरत एखाद्या डिफेक्टला जाऊन मरते, तुमची बाटली त्यानंच मंद झाली असेल असा माझा अंदाज.

प्रतिसाद २ (उदगीरी)
वरचं पटलं, पण मला सुरुवातीच्या वाढीवरच शंका आहे. मँगनीज क्लोराइड टाकताना तुम्ही जास्तीचं क्लोराइडपण टाकायलात ना? रिकाम्या जागा त्यानंच भरल्या असतील तर एनर्जी वाया जाणं कमी होतं अन् श्रेय सगळं मँगनीजला. निकेल क्लोराइडलाही हाच प्रश्न विचारायला पाहिजे. एक बॅच मँगनीज न घालता तेवढंच क्लोराइड ओलेइलअमोनियम क्लोराइडमधून देऊन करा, जांभळं किती उजळतं बघा. दुसऱ्या बॅचमध्ये एकूण क्लोराइड तेवढंच ठेवून फक्त मँगनीज बदला. या दोन बॅच नसतील तर रिव्ह्यूअर पहिल्याच फेरीत धरतो.

मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट वापरायलात का निर्जल? फीड वाढवलं की त्यातलं पाणीपण वाढतं. अन् धुता कशानं? अ‍ॅसिटोन असेल तर लिगंड (क्रिस्टलवरचं सेंद्रिय आवरण) उतरून उजेड तिथंच जातो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टेट्राहायड्रेटच आहे, व्हॅक्यूमखाली १२० ला ठेवतो पण फीड वाढलं तरी वेळ तेवढाच देतो, ते बघावं लागेल. क्लोराइडवाली बॅच लगेच लावतो. धुतो अ‍ॅसिटोननंच, इथं तेच सहज मिळतं. त्याऐवजी इथाइल अ‍ॅसिटेट घेतलं तर साधारण किती टाकायचं, सोल्युशनच्या बरोबरीनं का त्याहून जास्त?