काळ्या मसाल्याला हिरवं पाकीट? रंगांचा तक्ता किती मानायचा

रंगपेटी_जळगाव
मंडळी, मी छोट्या उत्पादकांच्या वेबसाइट आणि पाकिटांचं डिझाइन करतो. सध्या अमळनेर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं काम हातात आहे. काळा मसाला आणि ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवून ठेवायचे पापड. गटातल्या एका ताईंच्या भाच्याने पुण्याहून रंगांचा तक्ता पाठवला : निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे नैसर्गिक, लाल म्हणजे भूक, काळा म्हणजे श्रीमंती. त्यावरून ठरलं की वेबसाइट आणि पाकीट दोन्ही हिरवं करायचं. मी नको म्हणत होतो, तरी पन्नास पाकिटं छापून दिली. किराणा दुकानदाराने ती सरळ धने पावडरीच्या रांगेत लावली. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी पाकीट उलटंसुलटं करून एवढंच विचारलं, "मसाला काया शे, मंग कागद हिरवा काबर?"

मला त्यांचं शंभर टक्के पटलं. रंगाला अर्थ येतो तो डोळ्यांच्या सवयीतून. खोबरं, कांदा, दगडफूल, मिरची भाजताना कढईत जो काळपट तांबूस रंग उतरतो, तो पाहूनच आपल्या माणसाला शेवभाजी आठवते. आपल्याकडे कपाशीची जमीन काळी, आणि तिला आपण आई म्हणतो. असे तक्ते खान्देशात वापरूच नयेत, या मताचा मी झालोय. तुम्हाला काय वाटतं?

धुळेकर_जाहिरातवाला
अजिबात पटलं नाही. दुकानदाराने हिरवा पाहून धने ओळखले, म्हणजे रंग बोलतो हे तुम्हीच सिद्ध केलंत. तक्ता चुकला नाही, तुम्ही त्यातला चुकीचा रंग उचललात. अमेरिकेतल्या लॅब्रेक आणि मिल्न यांचा 2012 चा अभ्यास आहे. त्यात लाल रंगाशी लोकांनी उत्साह जोडला आणि निळ्याशी कामातला पक्केपणा. याला हवेतल्या गप्पा म्हणता येणार नाही.

दुसरं, वेबसाइटचं गिऱ्हाईक कोण? अमळनेरच्या आजी ऑनलाइन मसाला मागवणार नाहीत, त्या घरीच करतात. मागवणार पुण्या-मुंबईची माणसं, त्यातली निम्मी खान्देशाबाहेरची. त्यांच्या डोळ्यांना तुमच्या कढईची सवय नाही. नवख्या माणसाला आधार म्हणून तक्ता लागतोच.

रंगपेटी_जळगाव
गिऱ्हाइकाचा मुद्दा मान्य, त्यावर मी विचार केला नव्हता. पण धन्याचं उलट आहे, भाऊ. दुकानदाराने हिरव्याचा अर्थ 'नैसर्गिक' असा घेतला नाही, 'धने' असा घेतला. तो अर्थ त्याच्या फळीवरून आला. 2006 मध्ये बॉटमली आणि डॉयल यांनीही हेच मांडलं होतं की रंग त्या वस्तूला शोभतो की नाही, यावर परिणाम ठरतो. कामाच्या वस्तूला निळा शोभला, हौसेच्या वस्तूला लाल. नुसत्या रंगाला विचारून उत्तर मिळत नाही.

सावद्याची_सून
आमच्याकडे केळीचा व्यवसाय आहे. हिरवी केळी म्हणजे गाडीत भरायचा माल, पिवळी म्हणजे लगेच खपवायची, काळी पडली की नुकसान. तोच काळा संक्रांतीला मी हौसेने नेसते, आणि लग्नघरात काळी साडी काढली तर सासूबाई आजही थांबवतात. एकच बाई, एकच रंग, दिवस वेगळा. तक्त्यात या दिवसांचा रकाना कुठे आहे?

नंदुरबारचा_मास्तर
तुम्ही सगळे अर्थावर भांडताय, आधी अक्षरं दिसतात का ते बघा. आमच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, भर उन्हात सौदे होतात आणि फोनवर भाव बघावे लागतात. फिक्या रंगावर राखाडी अक्षरं असली की फोन पदराखाली किंवा टोपीच्या सावलीत धरावा लागतो. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात साध्या मजकुराला किमान 4.5 ला 1 इतका उजेड-अंधाराचा फरक सांगितलाय. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. फेसबुकच्या झुकरबर्ग यांनाही तोच त्रास आहे आणि निळा आपल्याला सगळ्यात चांगला दिसतो, असं त्यांनी 2010 मध्ये सांगितलं होतं. म्हणजे ज्या निळ्याला सगळे विश्वासाचा रंग म्हणतात, त्यामागे एका माणसाचे डोळेही होते.

धुळेकर_जाहिरातवाला
मास्तर, हे बरोबर. पण अक्षरं दिसली म्हणजे माल विकला गेला असं होत नाही. मी थोडा मागे येतो : पाकीट काळं करा, त्यावर भाजलेल्या मसाल्याचा जवळून काढलेला फोटो घ्या, म्हणजे बाहेरच्यालाही कळेल. पैसे भरायच्या पानावर मात्र काळा नको. तिथे अनोळखी माणूस बिचकतो, या मतावर मी ठाम आहे.

रंगपेटी_जळगाव
ते पान पांढरं ठेवतो. 'विकत घ्या'चं बटण मिरचीसारखं लाल?

सावद्याची_सून
लाल नको हो. पिनकोड चुकला की सूचना लाल रंगातच येते. मी स्वतः एकदा लाल बटण बघून काहीतरी बिघडलं समजून मागे फिरले होते. हळदीचा पिवळा घ्या, वर काळी अक्षरं.

नंदुरबारचा_मास्तर
पिवळ्यावर काळं उन्हातही वाचता येतं. ताई बिबड्या वाळत घालतात त्या गच्चीवर दुपारी बाराला फोन धरून बघा, आणि फोटो इथे टाका.