पहिलं धनुष्य घ्यायचंय, बजेट २५ हजार. कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) की रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं)?

केळीवाला_चोपडा
राम राम मंडळी. वय ३१, उंची पाच फूट सात इंच, चोपड्याजवळ केळी आणि थोडा मका. सहा महिने झाले, रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतोय आणि आता डोक्यातून धनुष्य जात नाही. ते लोक ७० पौंडाचं, म्हणजे ओढायला तितका जोर लागणारं, कंपाउंड असं ओढतात जसं काही चहाचा कप उचलताहेत. एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणे 'हंटिंग बो' घ्या, ६० ते ७० पौंड, २४ हजारांत सगळा सेट, वर सहा बाण फुकट. केळीचे घड वाहून खांदे तयार आहेत, त्यामुळे ओढायची अडचण नसावी. जत्रेतल्या फुग्यांवरची एअरगन सोडली तर अनुभव शून्य. मक्यातल्या डुकरांचा विषयही मनात आहे, खोटं कशाला बोलू. घेऊ का? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

धुळेकर_७७
डुकरांचं आधी डोक्यातून काढ भाऊ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं, मग हातात बंदूक असो की बाण. नुकसान झालं तर पंचनामा आणि वनखात्याकडे अर्ज, रस्ता तोच. बाकी कंपाउंड बिनधास्त घे. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडवरच जगज्जेती झाली, १७ वर्षांची होती तेव्हा. लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार जितका कमी होतो तो, ८० टक्के असेल तर ६० पौंड ओढून झाल्यावर हातावर १२ च राहतात.

शहादा_मास्तर
धुळेकरांचं गणित बरोबर आहे, पण त्या १२ पर्यंत पोचायला आधी ६० ओढावे लागतात ना भो!

माझी चूक सांगतो, म्हणजे तुझे पैसे वाचतील. २०१६ साली मीही आकडा बघूनच घेतलं होतं, ४५ पौंडाचं लाकडी रिकर्व्ह. शाळेत कबड्डी शिकवायचो, दंड भरलेले. पहिल्याच दिवशी ऐटीत चाळीस बाण मारले. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा असा धरला की फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. अडीच महिने धनुष्य खुंटीवर आणि मी शेकत बसलेलो. घड वाहायची ताकद वेगळी. धनुष्य पाठीने ओढायचं असतं, दोन्ही फरे एकमेकांकडे नेऊन, आणि ती जागा नवख्या माणसाची कधीच तयार नसते.

खांदा बरा झाल्यावर धडगावकडे एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याकडे गेलो. त्याचा कामठा बांबूचा, आणि दोरीसुद्धा सुताची नाही, बांबूच्याच चिवट कामटीची. मी मोठा कामठा मागितला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोरांचा काढून दिला. ओढून धर म्हणाला. धरला. तो आपला तंबाखू मळत बसला. मळून झाली, चुना झटकला, चिमूट ओठात गेली, तेव्हा कुठे त्याने मान हलवली. तोवर माझा हात लटलट कापत होता.

तीच परीक्षा मी आता पोरांची घेतो, तंबाखू वगळून. पूर्ण ओढून दहा सेकंद न हलता धर. मग खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल आणि सरळ समोर ओढून बघ. ओढताना धनुष्य आभाळाकडे गेलं तर ते तुला जड आहे, त्यावर काहीही लिहिलेलं असो.

माप असं घे. भिंतीला पाठ लावून हात पसर, टेप बायकोला धरायला सांग (तेही एकदाचं सांगून होईल). एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे सेंटिमीटर अडीचने भाग. १७० आले तर ६८ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसत्तावीस इंच. ही तुझी खेच, म्हणजे दोरी किती मागे ओढतोस ते. रिकर्व्हवरचा पौंडांचा आकडा २८ इंच खेचेचा असतो, खेच त्याहून कमी असेल तर इंचामागे दोनेक पौंड कमी धर. सुरुवातीला २४ ते २८ पौंड खूप झाले. हसू नको.

कंपाउंडमध्ये खेच कॅमवर, म्हणजे टोकांच्या चाकांवर, बसवावी लागते. तुझ्या दुकानदाराने फोनवर माप विचारलं होतं का? शिवाय त्याची दोरी बदलायला प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरायचं यंत्र, लागतो, आणि आमच्या भागात तो मी तरी कुणाकडे पाहिलेला नाही.

म्हणून सुटं होणारं रिकर्व्ह घे, ६८ इंची. आयएलएफ जोडणीचं (पाती बसवायची सगळ्या कंपन्यांत चालणारी पद्धत) बसलं बजेटमध्ये तर सोन्याहून पिवळं, कारण पुढे नुसती पाती, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन भाग, बदलून २६ चे ३२ पौंड करता येतात आणि दुसऱ्या कंपनीची पातीही बसतात. चौदा-पंधरा हजार त्यावर घाल, बाकीचे बाण, हातपट्टा, बोटांचा टॅब आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर यांना ठेव.

'बाण फुकट' वाचून मला घामच फुटला. बाणाला स्पाइन, म्हणजे तो किती वाकतो याचा आकडा, असतो; आकडा मोठा तितका बाण मऊ. तुझ्या २६ पौंडाला नऊशे-हजारच्या आसपासचा लागेल. पेटीत पडलेले ४०० चे सहा दिले तर कितीही नेम धर, उजव्या हाताने ओढणाऱ्याचे ते डावीकडेच जाणार.

आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही, गंमत म्हणूनही नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पात्याचे थर असेच सुटले.

अमळनेरची_आई
मास्तरांनी डोळ्याचं सांगितलंच नाही! माझ्या लेकीच्या वेळी आम्ही इथेच फसलो होतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून लांबचा विजेचा खांब बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो तुमचा नेमाचा डोळा, धनुष्य त्या बाजूचं घ्यायचं. आणि वावरात सराव करणार असाल तर मागे मातीचा ढीग हवाच. गोणीत जुन्या साड्या गच्च ठासल्या की टार्गेट तयार, पण चुकलेला बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो आणि मक्यात निंदणाऱ्या बाया दिसत नाहीत.

केळीवाला_चोपडा
सगळ्यांचे आभार. १७२ सेंटिमीटर भरले. टेप धरून बायकोने विचारलं कशाला, सांगून टाकलं. 'कपड्याचं माप असेल वाटलं,' एवढंच म्हणाली. पण ताई, तुमच्या त्रिकोणाने घोटाळा केला. तीनदा बघितलं, तिन्ही वेळा डावा डोळा. मी तर जेवतो, लिहितो, कोयता चालवतो सगळं उजव्याने. दुकानदाराकडे उजव्या हाताचंच सांगून ठेवलं होतं, ते थांबवलंय.

शहादा_मास्तर
बरं झालं थांबवलं. दोरी डाव्या हाताने ओढायची, धनुष्य उजव्यात. महिनाभर चमत्कारिक वाटेल. आणि वर मी बाण डावीकडे जातील लिहिलंय, ते तुझ्यासाठी उजवीकडे वाच. माझ्याकडे २० पौंडाचं डावखुरं जुनं पडलंय. रविवारी सकाळी सातला शहाद्याला ये, आधी ते ओढून बघ.

केळीवाला_चोपडा
केळीची गाडी सोमवारी भरायची आहे, रविवार मोकळा. येतो.