बार्बाडोसचं छोटं ‘बुटीक’ रिसॉर्ट : आम्हा दोघांना जमेल का?

कारेलीबागची काकू

बडोदेकर मंडळी, सल्ला हवाय आणि लवकर हवाय. चिरंजीव शुक्रवारी पैसे भरून मोकळे होणार आहेत.

हे नुकतेच रिटायर झाले. डिसेंबरात आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला जातोय, आणि जानेवारीत आईबाबांना काही दिवस बार्बाडोसला धाडायचं असं त्याने परस्पर ठरवलंय. हॉटेल चिमुकलं, वीसेक खोल्यांचं, लहान मुलांना मज्जाव. फोटोत भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सोफाही पांढरा. ह्यांच्या हातातली आमटीची वाटी आठवून माझ्या पोटात गोळा आला. त्यातून पलंगाच्या उशाशी एक अर्धी भिंत, तिच्यामागे बाथटब. दार नाही! शॉवर तर अंगणात, वर नुसतं आभाळ. मुलगा म्हणतो, आई, तेच तर डिझाइन आहे. एका रात्रीचा आकडा विचारला तर विषय बदलतो, म्हणजे काय ते समजले.

हे अंडंसुद्धा खात नाहीत आणि समुद्रात घोट्याच्या वर जात नाहीत. मात्र बार्बाडोस म्हटल्याबरोबर बेत तयार: केन्सिंग्टन ओव्हल बघायचं, १९६२ साली आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला वेस्ट इंडीजच्या ग्रिफिथचा चेंडू लागला ते मैदान. कॉन्ट्रॅक्टर आपल्या गोध्र्यात जन्मलेले, त्यामुळे तो चेंडू ह्यांना अजून स्वतःच्याच डोक्याला लागल्यासारखा दुखतो. मी पोहते, अगदी रोज, पण पूर्ण बाह्यांच्या पोशाखात. असल्या स्टायलिश ठिकाणी आमच्यासारख्यांनी जावं का? तिथे बसून करायचं काय? कुणी राहून आलं असेल तर खरं खरं सांगा.

सुरसागरवाली

काकू, जा. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिथे अशाच एका लहान हॉटेलात होतो. फक्त पैसे भरायच्या आधी चिरंजीवांना एकच विचारा: हॉटेल बेटाच्या कोणत्या अंगाला आहे? फोटोत सगळीकडे निळंच दिसतं, पण पश्चिमेला कॅरिबियन समुद्र आहे, शांत, सकाळी तर हलतसुद्धा नाही. तिथे तुम्ही मनसोक्त पोहाल. पूर्वेला थेट अटलांटिक आपटतो, बाथशीबा गावाजवळचे खडक बघायला सुरेख, पण आपण पोहायला उतरायचं नाही. दक्षिण किनारा मधला, थोड्या लाटा, रस्त्यावर वर्दळ. २०११पासून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर येतं, तेही जास्त करून पूर्वेला आणि दक्षिणेला. ढीग सडला की सडक्या अंड्याचा वास. जानेवारीत त्याचा त्रास सहसा कमी असतो.

आता तुमचं दार. वीस खोल्यांच्या हॉटेलात मेल लिहिला की तो यंत्र नव्हे, माणूस वाचतो, हा त्यातला खरा फायदा. ‘बंद बाथरूमची खोली हवी’ असं स्पष्ट लिहा. आम्ही लिहिलं होतं, तर त्यांनी कोपऱ्यातली जुन्या बांधणीची खोली काढून दिली, जाड लाकडी दाराची, आतून कडी. दिसायला कमी फॅन्सी, पण माझा नवरा त्या कडीवर फारच खूश होता.

जेवणाचंही आधीच कळवा, आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. अंडं नाही, मासा नाही, मांस उकळलेलं पाणी (स्टॉक) नाही, असं एकेक लिहा. तिथला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) निरुपद्रवी दिसतो, त्यात बरेचदा अंडं असतं. राइस अँड पीज म्हणजे बहुधा तुरीच्या दाण्यांचा भातच, पण खारवलेलं मांस घालून शिजवायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय खाऊ नका. नीरफणसाचे काप, तळलेली पिकली केळी, रताळं, भोपळा हे बिनधास्त. गावात बटाटा-चण्याची रोटी मिळते, त्रिनिदादच्या धर्तीची. आमच्या शेफने चौथ्या दिवशी स्वतः येऊन विचारलं की तुमच्याकडे डाळीला फोडणी कशाची देतात. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी लसूण जाळून आणला बिचाऱ्याने, पण आणला.

आणि काकू, गुजराती विसरू नका! बार्बाडोसमधले बरेचसे भारतीय सुरतेकडच्या गुजराती मुसलमान कुटुंबांतले, शंभर-एक वर्षांपूर्वी फेरीवाले म्हणून गेलेल्यांचे वंशज. ब्रिजटाऊनच्या स्वान स्ट्रीटवर कापडाच्या एका दुकानात मी सहज ‘केम छो, अमे बरोडाना’ म्हटलं, तर मालकाने स्टूल पुढे केलं आणि पहिला प्रश्न टाकला, ‘बरोडामां क्यां?’ मी सुरसागर तलाव म्हटलं. त्यांनी तो पाहिला नव्हता, पण चुलत्याकडून ऐकलेला होता. पुढचा अर्धा तास माझा नवरा बाहेर उन्हात.

पोशाखाची चिंता सोडा. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट तिथे गोऱ्या बायकाही घालतात, ऊन तसंच आहे. फक्त काकांच्या बॅगेत लष्करी छाप्याची टोपी किंवा चड्डी असेल तर घरीच ठेवा. तिथे कॅमोफ्लाज कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे, पोरांनासुद्धा सूट नाही. आणि किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर लांब राहा. मॅन्चिनील म्हणतात. फळ हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात.

अलकापुरीचा हिशेबी

सगळं छान, पण पैशाचं कोणी बोलेना. काकू, वेबसाइटवरचा दर म्हणजे शेवटचा दर नव्हे. त्यावर टॅक्स, सर्व्हिस चार्ज आणि दर रात्रीची सरकारी लेव्ही चढते. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला सीझन, दर चढेच. नाश्ता धरलाय का तेही विचारा, नाहीतर पपईची फोड आणि टोस्ट डॉलरमध्ये खावे लागतील. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, १९७५पासून तोच भाव. बिल कुठल्या डॉलरमध्ये आहे ते बघूनच घाबरा.

माझं विचाराल तर ह्या पांढऱ्या सोफ्याच्या नादी लागूच नका. दक्षिण किनाऱ्यावर छोट्या स्वयंपाकघराच्या खोल्या मिळतात. कुकर न्या, खिचडी लावा. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, महागड्या हॉटेलासमोरच्या वाळूतही तुम्ही हक्काने बसू शकता. मग दार नसलेल्या बाथरूमचे पैसे कशाला?

सुरसागरवाली

हिशेबीभाऊ, कुकर काकूच लावणार ना? रिटायर काका झालेत, काकू नाहीत.

जर्सीकर बडोदेकर

काकू, कागदपत्रांचं बघून घ्या. भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, तिथला ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा. तुम्ही अमेरिकेत परत शिरणार, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते पाहा. आणि अमेरिकेतला मुक्काम वाढवायला बाहेर जाऊन परत शिरायची युक्ती चालेल असं धरू नका. तीस दिवसांच्या आतल्या कॅरिबियन फेरीनंतर अधिकारी पहिल्याच मुदतीतले उरलेले दिवस देऊ शकतो. परतल्यावर आय-९४ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) तारीख मुलाला वेबसाइटवर तपासायला सांगा. आईबाबांची मेडिकल पॉलिसीही नीट वाचा, काही पॉलिसी फक्त अमेरिकेपुरत्या असतात.

वादळाची भीती नाही, तो काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२४च्या टी-२० वर्ल्डकपनंतर आपली टीम तिथेच अडकली ती बेरिल वादळामुळे, फायनल २९ जूनला होती. काकांना सांगा, कॉन्ट्रॅक्टर पुरे झाले. त्याच ओव्हलवर शेवटचं षटक आपल्या हार्दिकने टाकलं, पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा झेल घेतला, आणि आपण ७ धावांनी जिंकलो.

कारेलीबागची काकू

सगळ्यांचे आभार. हिशेबीभाऊ, तुमचं ह्यांना फार पटलं. मला सुरसागरवालीचं पटलं, म्हणजे ठरलं.

मुलाला फोन केला. हॉटेल पश्चिमेला, होलटाऊनच्या जवळ. दाराची मेल त्याच्यासमोरच लिहून घेतली, त्याचे कान लाल झालेले व्हिडिओवर दिसत होते. नाश्ता धरलेला आहे, लेव्ही धरलेली नाही. लष्करी छाप्याची टोपी निघाली, मुलानेच दिलेली. हार्दिकचं सांगितलं, तर हे म्हणतात, १९९७च्या कसोटीत तिथेच जिंकायला १२० धावा करायच्या होत्या आणि आपण ८१त आटोपलो, ते कोण सांगणार? आता विचारतायत, हॉटेलातून ओव्हलला टॅक्सीच करावी लागेल का?

सुरसागरवाली

छे, बस आहे. किनाऱ्याच्या रस्त्यावर ‘टू सिटी’ लिहिलेल्या थांब्यावर उभं राहायचं, ‘आउट ऑफ सिटी’च्या नव्हे. सरकारी बस निळी, खाजगी मिनीबस पिवळी, आणि पांढऱ्या व्हॅनमध्ये गाणी इतक्या जोरात की काकांना विचारून बसवा. भाडं कुठेही जा, साडेतीन बार्बाडोस डॉलर, सुटे ठेवा. ड्रायव्हरला ‘ओव्हल’ म्हटलं की पुरे. बाहेर वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, तिथे फोटोसाठी वेळ धरा.