६ जानेवारी २०२१ : दंगल, उठाव, बंड की बंडाळी?

प्रश्न : अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणतोय. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसदभवनावर, ट्रम्पसमर्थकांचा जमाव चालून गेला, त्याला मूळ लेखात सगळीकडे ‘इन्सरेक्शन’ म्हटलंय. मी ‘दंगल’ लिहिलं, संपादकबाईंनी ते खोडून ‘उठाव’ केलं. मला दोन्ही खटकतंय. काय लिहावं?

उत्तर : ‘दंगल’ नकोच. दंगलीत समोर येईल ते फुटतं. इथे कुठे जायचं आणि काय थांबवायचं, हे ठरलेलं होतं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांच्या मतांची मोजणी करायला त्या दिवशी दोन्ही सभागृहं बसली होती. बायडन ३०६, ट्रम्प २३२ हे आकडे आधीच पक्के होते, राहिलं होतं ते शिक्कामोर्तब. तेवढ्यात खिडक्या फोडून लोक आत शिरले, खासदारांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. सुमारे १४० पोलीस जखमी झाले आणि मोजणी पुरी व्हायला ७ तारखेची पहाट उजाडली. ‘दंगल’ म्हटलं की ही मोजणीच वाक्यातून गळते.

पण बाईंचा ‘उठाव’ही चालणार नाही. १८५७ ला इंग्रज ‘शिपायांचं बंड’ म्हणाले आणि आपण ‘उठाव’ म्हणालो, ते उगाच नाही. उठाव करणाऱ्याची बाजू न्यायाची, हे मराठीत गृहीत असतं.

एक वाचक : मग सरळ ‘बंड’ लिहा की!

दुसरा वाचक : लिहिलं असतं हो, पण त्या शब्दाची आपल्या वर्तमानपत्रांनी पार रया घालवलीय. तिकीट कापलं की बंड, आमदार गुवाहाटीला गेले की बंड, अर्ज मागे घेतला की बंडोबांचा थंडोबा. वाचकाला वाटेल, ट्रम्पना उमेदवारी नाकारली होती!

उत्तर : लेखात राज्यघटनेचा संदर्भ असेल तर मात्र ‘बंड’च हवं. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती आली. घटनेशी निष्ठेची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्याला पुन्हा पद धारण करता येणार नाही, असं तिचं तिसरं कलम. मूळ रोख दक्षिणेतल्या बंडखोर पुढाऱ्यांवर होता. याच कलमाखाली कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ट्रम्पना तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या मतपत्रिकेसाठी अपात्र ठरवलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. कारण नीट वाचा : राष्ट्रीय पदासाठी हे कलम लागू करणं एकट्या राज्याच्या हातात नाही. ६ जानेवारीला झालं ते बंड होतं की नव्हतं, यावर न्यायालय बोललंच नाही. तेव्हा ‘बंडाच्या आरोपातून निर्दोष’ असं काही भाषांतरात घुसडू नका. मी ते छापून आलेलं पाहिलंय.

बातमीच्या वाक्यात ‘कॅपिटॉलवरचा हल्ला’ पुरतो. एकच नाम हवं असेल तर माझं मत ‘बंडाळी’ला. त्यात सत्तेला आव्हान आहे, बेबंदपणाही आहे, आणि बंडाळी केली म्हणून आजवर कुणाचा पुतळा उभारलेला नाही.

प्रश्नकर्ता : ‘बंडाळी’ पटलं. आणखी एक : या हल्ल्यात सामील झालेल्या कट्टर उजव्या संघटनांपैकी ओथ कीपर्सचे म्होरके स्ट्युअर्ट ऱ्होड्स आणि प्राउड बॉइजचे म्होरके एन्रिके टारिओ ‘सिडिशस कॉन्स्पिरसी’त दोषी ठरले. ‘राजद्रोहाचा कट’ म्हणू?

उत्तर : मी टाळेन. राजद्रोह म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवणार. त्यांच्यावरचे १८९७ आणि १९०८ चे खटले लेखांवरून झाले. अमेरिकेच्या या कलमाला नुसती जहाल भाषा पुरत नाही, बळ वापरण्याचा कट सिद्ध व्हावा लागतो. ‘सरकारविरुद्ध बळाचा कट’ लिहा, थोडं लांबेल, लांबू दे. ऱ्होड्सना १८ वर्षं झाली, टारिओंना २२.

तुमचा लेख २०२५ पर्यंत येत असेल तर ‘माफी’ही जपून वापरा. २० जानेवारीला ट्रम्पनी सुमारे १५०० जणांना क्षमा केली, त्यात टारिओ होते. ऱ्होड्ससह १४ जणांची मात्र फक्त शिक्षा कमी करून सुटका झाली, म्हणजे त्या आदेशाने दोषसिद्धी पुसली गेली नाही. टारिओंसाठी ‘क्षमा’, ऱ्होड्ससाठी ‘शिक्षेत कपात’.