डेन्मार्कचं मानसोपचार रजिस्टर: १९९५ नंतर स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण एकदम का वाढतात?

रोगगणना:
डेन्मार्कच्या मानसोपचार रजिस्टरवरून १९८१ ते २०१२ या काळातले स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण मोजतो आहे. पहिली नोंद हीच आजाराची सुरुवात धरली आहे. १९९४-९५ च्या सुमारास आलेख एकदम वर चढतो. ही वाढ खरी मानावी का?

विदावाचक:
जशीच्या तशी मानू नका. तिथे दोन बदल लागोपाठ झाले. १९९४ च्या जानेवारीत आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची (आयसीडी) आठवी आवृत्ती, आयसीडी-८, जाऊन थेट आयसीडी-१० आलं (आयसीडी-९ तिथे वापरलंच गेलं नाही). १९९५ पासून बाह्यरुग्ण आणि तातडीच्या भेटीही नोंदल्या जाऊ लागल्या. त्याआधी फक्त दाखल झालेले रुग्ण. म्हणजे १९९५ चे काही ‘नवे’ रुग्ण आधीपासूनच बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत होते.

मोजणी दोनदा करा. एकदा फक्त दाखल रुग्ण, पूर्ण काळासाठी. मग सगळ्या भेटी धरून, पण १९९५ नंतरची पहिली काही वर्षं सोडून. पहिल्या मोजणीतला आकडा खाटा कमी झाल्यामुळेही घसरतो, हे विसरू नका.

कोड: आयसीडी-१० मध्ये एफ२०, आयसीडी-८ मध्ये २९५.क्ष९ (‘क्ष’च्या जागी कुठलाही अंक), त्यातून २९५.७९ (स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे मनःस्थितीचा विकारही सोबत असलेला प्रकार) वगळून. कच्च्या फायलीत आयसीडी-१० च्या कोडाआधी ‘डी’ असतो, म्हणजे ‘डीएफ२०’. कोडाची सुरुवात ‘एफ२०’ने होते असं धरून शोधलंत तर एकही ओळ मिळणार नाही.

सांख्यिकी_कट्टा:
निदानाचा प्रकारही बघा. ‘एच’ म्हणजे रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरचा अंदाज. तो ठेवलात तर नुसते संशयितही रुग्ण म्हणून मोजले जातील.

दुसरं, १९६९ च्या आधीच्या दाखल नोंदी संगणकीय रजिस्टरमध्ये नाहीत. १९४५ साली जन्मलेला माणूस तेव्हा २४ वर्षांचा होता, त्याची खरी पहिली भरती निसटलेली असू शकते. म्हणून १९५५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतंच काम ठेवा; १९६९ मध्ये ते फार तर १४ वर्षांचे होते. आयुष्यभराची जोखीम काढताना ‘१ वजा कापलन-मायर’ (कापलन-मायर म्हणजे ठरावीक वयापर्यंत आजार न होण्याची शक्यता काढायची पद्धत) वापरू नका: आजार होण्याआधीच वारलेल्यांना ते नुसतं गळालेले, म्हणजे पुढेही आजार होऊ शकेल असे, समजतं आणि आकडा फुगतो. मृत्यू हा वेगळा शेवट म्हणून मोजणारी आलेन-योहान्सन पद्धत घ्या. देश सोडून गेलेल्यांचा काळ त्या तारखेला थांबवा. ती तारीख लोकसंख्या रजिस्टरमध्ये मिळते.

नोंदवही:
हीच रीत नैराश्याला लावू नका. सौम्य नैराश्याचे रुग्ण फॅमिली डॉक्टरकडेच बरे होतात, मानसोपचार रजिस्टरमध्ये येतच नाहीत. १९९५ पासूनचं औषध-रजिस्टर जोडता येतं, पण नैराश्यावरची औषधं दुखणं आणि चिंतेसाठीही देतात. केवळ गोळीवरून निदान ठरवलं तर चुकेल.