'मत् गोक' ला मराठीत काय म्हणाल?

इथे अमेरिकेत, सॅन होजेला ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे तेतला, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाला गेले होते. लहान मुलांनी मोठ्यांना व्हिएतनामीत शुभेच्छा द्यायच्या, मग पैसे घातलेलं लाल पाकीट मिळतं. तिचा मुलगा पणजीसमोर हात बांधून उभा राहिला, दोन शब्दांत अडकला आणि सरळ 'हॅपी न्यू इयर' म्हणून मोकळा. पणजी हसत म्हणाली 'मत् गोक'. पाकीट दिलं, पण मैत्रिणीचा चेहरा पडला तो पडलाच. नंतर म्हणाली हे मी पण लहानपणापासून ऐकतेय.

'मत्' म्हणजे हरवणं, गमावणं. 'गोक' म्हणजे मूळ. याला काय म्हणायचं आपल्याकडे?

– 'नाळ तुटलेला' म्हणा की.

– विचार केला होता, पण नाळ तर प्रत्येकाचीच तोडावी लागते :) आणि 'गोक' म्हणजे जमिनीतली मुळं नाहीत बरं का, त्यांना वेगळा शब्द आहे, 'गोक' म्हणजे झाडाचा बुंधा, बुडखा, आणि त्यावरून मग उगम, मूळ वगैरे. 'मत्' पण गंमतीशीर आहे, मोबाईल हरवला तरी मत्, माणूस वारला तरी सभ्यपणे मत्, अगदी आपल्या 'गेला' सारखं. १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर निघून आलेले लोक 'मत् नुओक' म्हणतात, देश गेला. नुओक म्हणजे देश आणि पाणी पण, त्यामुळे डिहायड्रेशनला पण मत् नुओकच! म्हणून मला 'मूळ गेलेला' जवळचं वाटतं, पण कानाला बरं नाही लागत.

– व्हिएतनाममध्ये हाच शब्द क्लासच्या जाहिरातीत असतो. 'मत् गोक' वाल्यांसाठी इंग्रजी, म्हणजे ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी. गणितात कच्चा असला तरी तेच.

– हे भारीच! म्हणजे तिकडे इंग्रजी येत नाही म्हणून मत् गोक आणि इकडे इंग्रजीच येतं म्हणून मत् गोक. आणि अजून एक, व्हिएतनामी-अमेरिकन माणसाला त्यांच्या भाषेत म्हणतात 'ङुओइ मी गोक विएत', मूळचा व्हिएतनामी असलेला अमेरिकन. तोच गोक. त्या पोराला जे म्हणतात त्या नावातच गोक आहे आणि पणजी म्हणते गोक गेला. आपल्या 'मूळचे सातारचे' सारखं, सातारा आयुष्यात पाहिलेला नसला तरी चालतं.

– 'विएत किएउ' पण म्हणतात ना?

– हो, पण ते जास्त करून तिकडचे लोक बाहेर गेलेल्यांना म्हणतात. यातला किएउ मुळात चिनी, परक्या ठिकाणी तात्पुरता राहिलेला असा अर्थ. इथे जन्मलेल्याला तात्पुरता कसं म्हणायचं?

आता मुद्द्याचं. व्हिएतनामीत 'मी' ला सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही, समोर कोण आहे त्यावर ठरतं, आईबाप, आजीआजोबांसमोर मूल स्वतःला 'कॉन' म्हणतं, म्हणजे लेकरू. तो पोरगा त्या दिवशी जेवताना पणजीला म्हणाला 'कॉन वॉन्ट ज्यूस'. बाकी सगळं इंग्रजी, पण 'आय' नाही म्हणाला. तेव्हा पणजी काही बोलली नाही, उठून ज्यूस आणला.