डावं पेडल सुटत नाही, कोणता पाना वापरू?

प्रश्न (वेंगुर्ला): सायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. उजवं पेडल निघालं, डावं हलत नाही. स्क्रू पाना घसरून कडा गोल व्हायला लागल्यात.

उत्तर १: स्क्रू पाना आधी बाजूला ठेवा, त्याचा जबडा थोडा तरी ढिला राहतोच. १५ मिमीचा पेडल पाना घ्या. तो पातळ आणि लांब असतो. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून सायकलच्या डावीकडे उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवा. जोर लावताना चेन मोठ्या चक्रावर असू द्या, पाना सुटला तर दात हाताला लागत नाहीत.

उत्तर २: क्रँक (पेडल ज्यात बसतं तो हात) अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आपल्या खाऱ्या हवेत ती पेडलच्या पोलादी दांड्याला धरून बसते, सांध्याशी पांढरी भुकटी दिसते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे दोन्ही बाजूंनी मारून रात्रभर ठेवा. इंजिन ऑइल नको, आट्यांत उतरायला ते फार घट्ट. सकाळी क्रँकवर उकळतं पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. लगेच पाना लावा.

उत्तर ३: बसवताना आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावाच. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच. अडलं तर थांबा, क्रँकचे मऊ आटे गेले की क्रँकच बदलावी लागते.